पटकीच्या जंतूशी झुंजलेला संशोधक : वाल्डेमार हाफकिन

मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्थेचे नाव आपल्या धर्मग्रामांतील बहुतेक भाविकांच्या कानांवरून गेलेले असते. सर्पदंशावरील औषध म्हटले की हाफकिन आठवते. मराठवाड्यातील अनेक बालकांच्या जिभेवर पडलेले पोलिओचे थेंबही परळलाच तयार झालेले असत. परंतु हाफकिन हे एका माणसाचे नाव आहे, तो माणूस ना इंग्रज होता ना भारतीय, आणि ज्या मुंबईसाठी त्याने रात्रीचा दिवस केला त्या मुंबईतूनच त्याला एका आरोपाखाली बाजूला व्हावे लागले, ही हकिकत फार थोड्यांना ठाऊक असते. ती आमच्या वाचकांपुढे ठेवावी असे आम्हास पुष्कळ दिवसांपासून वाटत होते.

आणखी एक कारण आहे. हाफकिन संस्थेची मुख्य वास्तू ही मुळात पोर्तुगीज अमदानीतील ख्रिस्ती मठाची वास्तू होय. तिच्यात चॅपेल होते, तेथे मिस्सा होत असे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी हा मठ ताब्यात घेतला आणि कालांतराने तेथे मुंबईचे गव्हर्नर राहू लागले. जेथे एकेकाळी प्रार्थना चाले, तेथे पुढे मेजवान्या झडू लागल्या आणि त्यानंतर जंतूंच्या बाटल्या येऊन बसल्या. या तिसऱ्या पर्वाचा आरंभ ज्याने केला तो एक यहुदी होता.

हाफकिन यांनी ज्या रोगाशी पहिली झुंज घेतली तो म्हणजे पटकी, अर्थात कॉलरा. आपल्या मराठवाड्यात जुनी माणसे त्याला मरीचा वाखा म्हणत. मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडण्याची रीत गावोगाव होती. आपला गाडा शेजारच्या शिवेत गेला म्हणजे रोगही तिकडे गेला, ही त्यामागील समजूत. शेजारचे गाव तो गाडा पुढे ढकलीत असे. आज या गोष्टीचे हसू येते, परंतु त्या लोकांना बिचाऱ्यांना दुसरा उपाय तरी कोणता होता? सकाळी औत हाकणारा धडधाकट माणूस दिवेलागणीला मरून पडे. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. नदीचे झरे, आड आणि बारवा यांवरच सारी वस्ती जगे. ज्या आडाचे पाणी प्यावयाचे त्याच्याच काठावर धुणी धुतली जात, आणि पहिल्या पावसात गावाची घाण वाहत त्यातच उतरे.

पटकी ही खाण्यापिण्यातून येते. तिचा जंतू स्वल्पविरामासारखा किंचित वाकडा असतो. दूषित पाणी, त्या पाण्याने धुतलेली फळे व भाजी, उघडे राहिलेले शिळे अन्न, नीट न शिजलेले मासे यांतून तो पोटात जातो. जठरातील आम्लाने पुष्कळसे जंतू मरतात. जे वाचतात ते लहान आतड्यात ठाण मांडतात आणि एक विष सोडतात. त्या विषाने आतड्याचे अस्तर शरीरातील पाणी व क्षार बाहेर टाकू लागते. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात, वांत्या होतात, डोळे खोल जातात, पायांत पेटके येतात, आवाज बसतो. हा जंतू रक्तात शिरत नाही आणि आतडेही कुरतडत नाही. शरीरातील पाणी आटून रोगी दगावतो. हे आज आपण सहज सांगतो, परंतु ते विष प्रयोगाने सिद्ध होण्यास १९५९ साल उजाडावे लागले. ते काम कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून केले. हाफकिन यांच्या तरुणपणी एवढेच ठाऊक होते की रॉबर्ट कॉख या जर्मन वैद्याने १८८३-८४ मध्ये इजिप्त व कलकत्ता येथे रोग्यांच्या आतड्यात हा जंतू दाखवून दिला आहे. कॉखच्या कित्येक वर्षे आधी, १८५४ मध्ये, इटलीच्या फिलिप्पो पाचिनी यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता, पण त्यांचे कोणी ऐकले नाही.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी, एका यहुदी कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज युक्रेनमध्ये आहे. आई लहानपणीच वारली. शालेय शिक्षण बर्दियान्स्क या गावी झाले आणि १८७९ मध्ये ते ओडेसाच्या विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांना इल्या मेचनिकोव्ह हे थोर प्राणिशास्त्रज्ञ गुरू म्हणून लाभले. शरीरातील पेशी जंतूंना गिळून टाकतात हे दाखवून देणारे आणि त्यासाठी पुढे १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळविणारे ते हेच.

रशियात ते दिवस यहुदी लोकांना कठीण होते. १८८१ मध्ये झारची हत्या झाली आणि तिचे निमित्त करून यहुदी वस्त्यांवर जमाव तुटून पडू लागले. हे जमाव ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांचे होते, ही गोष्ट आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. ओडेसातील यहुदी तरुणांनी आपल्या माणसांच्या रक्षणासाठी दल उभारले, त्यात हाफकिन होते. त्या झटापटीत ते जखमी झाले, पकडले गेले, आणि मेचनिकोव्ह यांनी रदबदली केल्यामुळे सुटले. पुढे १८८४ मध्ये त्यांना विज्ञानातील डॉक्टरेट मिळाली. विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळण्याजोगी त्यांची योग्यता होती, पण अट अशी होती की त्यांनी यहुदी धर्म सोडून रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचा बाप्तिस्मा घ्यावा. हाफकिन यांनी ती नाकारली आणि प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयातील साहाय्यकाच्या जागेवर समाधान मानले. नोकरीच्या मोबदल्यात घेतलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्मा नव्हेच, असे आमच्यासारख्या धर्मगुरूस म्हणावे लागते. त्यांनी तो घेतला नाही यात त्यांचा जसा मान राहिला तसा संस्काराचाही राहिला.

१८८८ मध्ये त्यांनी रशिया सोडला. काही काळ जिनिव्हात शिकविले आणि १८८९ मध्ये ते पॅरिसला आले. लुई पाश्चर यांची संस्था तेथे नुकतीच उभी राहिली होती आणि मेचनिकोव्ह आधीच तेथे जाऊन पोहोचले होते. हाफकिन यांच्यासाठी संशोधकाची जागा नव्हती, ग्रंथपालाची होती. त्यांनी ती घेतली. दिवसा पुस्तके लावावयाची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसावयाचे, असा क्रम सुरू झाला.

पटकीची लस शोधण्याचा यत्न त्यांच्या आधी स्पेनमध्ये झाला होता. हायमे फेरान या वैद्याने १८८५ मध्ये व्हॅलेन्सिया भागात हजारो लोकांना जिवंत जंतू टोचले, परंतु त्यांची पद्धत व त्यांचे आकडे यांविषयी शास्त्रज्ञांत वाद माजला आणि ते काम मागे पडले. हाफकिन यांच्यापुढील अडचण मूलभूत होती. जंतूची ताकद दर वेळी निराळी असेल तर लसीचे प्रमाण ठरवावयाचे कसे? त्यांनी तो जंतू गिनीपिगच्या पोटाच्या पोकळीतून एकामागून एक असा अनेकदा पार केला, तेव्हा त्याचे बळ वाढत जाऊन एका ठरावीक पातळीवर स्थिर झाले. दुसरीकडे, उष्ण हवेच्या झोतात जंतू वाढवून त्यांनी त्याचे बळ कमी केले. आधी दुबळा जंतू टोचावयाचा आणि काही दिवसांनी बलवान, म्हणजे पहिल्याने सावध झालेले शरीर दुसऱ्याला तोंड देते. गिनीपिग, ससे व कबुतरे या प्राण्यांत हा उपाय लागू पडला. माणसाचे काय?

१८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी ठणका लागला, थोड्या वेळाने सारे निवळले. सहा दिवसांनी दुसरी मात्रा घेतली. त्यांच्यामागून तीन रशियन मित्रांनीही टोचून घेतले. लस सुरक्षित आहे एवढे यावरून ठरले, ती रोग थांबविते हे मात्र जेथे रोग आहे तेथेच कळणार होते. रशियाने परवानगी दिली नाही. सयामला जाण्याचा बेत होता. त्याच वेळी पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन, जे पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते, त्यांनी हिंदुस्थानचे नाव सुचविले. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास येऊन उतरले. वय तेहतीस वर्षे. ते वैद्य नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते, आणि येथील इंग्रज वैद्यकीय अधिकाऱ्यांना ही गोष्ट अखेरपर्यंत खुपत राहिली.

येथे थोडे थांबून लोकांच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. एक परका गोरा माणूस सुई घेऊन वस्तीत येतो आणि रोगाचेच जंतू अंगात घालू पाहतो. लोकांनी त्यावर विश्वास का ठेवावा? कलकत्त्याच्या एका वस्तीत लोकांनी दगड मारले. तेव्हा हाफकिन व त्यांच्या बरोबरचे बंगाली डॉक्टर यांनी सर्वांसमक्ष आपापली कातडी उघडी करून एकमेकांना लस टोचली, असे सांगतात. त्यानंतर माणसे पुढे येऊ लागली. या कामी चौधरी, घोष, चॅटर्जी व दत्त या देशी डॉक्टरांचा वाटा मोठा होता. हाफकिन यांचे चरित्र लिहिताना ही नावे बहुधा एका ओळीत आटोपली जातात, आम्हीही येथे तेच करीत आहोत, याची आम्हास जाणीव आहे.

मार्च १८९४ मध्ये कलकत्त्यातील कट्टल बागान या वस्तीत पटकी उद्भवली. एका तळ्याच्या पाण्यावर राहणारी सुमारे दोनशे माणसांची ती वस्ती होती. त्यांपैकी ११६ जणांनी लस टोचून घेतली. त्यानंतर वस्तीत आणखी दहाजण आजारी पडले, त्यांतील सात दगावले, आणि हे दहाही जण लस न घेतलेल्यांपैकी होते. एकाच छपराखाली राहणाऱ्या, एकाच तळ्याचे पाणी पिणाऱ्या माणसांत हा भेद दिसला म्हणून त्याचे मोल होते. हाफकिन यांची पद्धतच ती होती. एका गावाची दुसऱ्या गावाशी तुलना न करता एकाच घरातील, एकाच तुरुंगातील, एकाच मळ्यातील टोचलेले आणि न टोचलेले यांची गणती ते ठेवीत.

जुलै १८९५ पर्यंत, म्हणजे सव्वादोन वर्षांत, उत्तर हिंदुस्थान, बंगाल व आसाम मिळून सुमारे ४२,००० लोकांना लस देण्यात आली. त्यांत सैनिक होते, कैदी होते, आसामच्या चहामळ्यांवर नेले जाणारे मजूर होते. या मजुरांना आणि कैद्यांना नाही म्हणण्याची मुभा कितपत होती, हा प्रश्न आम्हास सतावतो. हाफकिन लस घेण्याची सक्ती करण्याच्या विरुद्ध होते हे खरे, परंतु मळ्याच्या मुकादमापुढे हात पुढे करणाऱ्या मजुराची संमती कितीशी मोकळी असणार? लसीतही उणिवा होत्या. तिचा गुण येण्यास काही दिवस लागत, आणि तो कालांतराने ओसरे. हाफकिन यांनी आपले आकडे प्रसिद्ध केले तेव्हा या उणिवा लपविल्या नाहीत. दरम्यान त्यांना हिवतापाने गाठले आणि १८९५ च्या उत्तरार्धात ते उपचारासाठी इंग्लंडला गेले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पाश्चर निवर्तले.

पुढच्या वर्षी ते परत आले ते थेट महाराष्ट्राच्या इतिहासात. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची गाठ दिसली. सरकारने हाफकिन यांना पाचारण केले आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एक खोली व तिच्यापुढचा व्हरांडा एवढी जागा दिली. साहाय्यक मोजके, त्यांतील एकाची प्रकृती ढासळली, दुसरे सोडून गेले. प्लेगचा जंतू वाढविण्यासाठी त्यांनी मांसाच्या रसावर तुपाचे थेंब तरंगत सोडले. त्या थेंबांना धरून जंतूंचे तंतू छतावरून लोंबणाऱ्या झुंबरांसारखे खाली वाढत जात. हिंदू व मुसलमान या दोघांच्याही धर्मभावना दुखावू नयेत म्हणून रसासाठी बकऱ्याचे मांस वापरले जाई. ज्याला स्वतःच्या धर्मापायी नोकरी नाकारावी लागली होती त्याला हे सुचावे यात नवल नाही. वाढलेले जंतू उष्णतेने मारून लस तयार होई. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती गुपचूप स्वतःला टोचली, आणि तीही इतरांना द्यावयाच्या मात्रेपेक्षा अधिक. त्या महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा निम्म्या कैद्यांनी लस घेतली. लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग होऊन ६ मेले, घेतलेल्यांत दोघांना झाला व कोणी मेले नाही.

ते वर्ष महाराष्ट्राला विसरता येण्यासारखे नाही. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. सोल्जरांकरवी घरोघर झडत्या घेण्याच्या सरकारी दंडेलीने लोक संतापले आणि २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली. अशा वातावरणात सरकारी मोहरेची सुई घेऊन फिरणे किती अवघड असेल, याची कल्पना करावी. मुंबईत आगाखान यांनी स्वतः लोकांदेखत लस टोचून घेतली आणि आपली खुश्रू लॉज ही वास्तू कामासाठी दिली, त्यामुळे त्यांचे अनुयायी मोठ्या संख्येने पुढे आले. १० ऑगस्ट १८९९ रोजी प्रयोगशाळा परळच्या त्या जुन्या मठात, म्हणजे माजी गव्हर्नरांच्या वाड्यात, गेली. लक्षावधी मात्रा तेथून देशभर रवाना होऊ लागल्या.

यानंतरचा भाग लिहिताना मन जड होते.

१९०२ मध्ये पंजाब प्रांतात प्लेगचा कहर माजला आणि लसीची मागणी अफाट वाढली. ३० ऑक्टोबर रोजी मुलकोवाल नावाच्या गावात १०७ लोकांना लस टोचण्यात आली. आठवडा उलटला आणि त्यांतील एकोणीस जणांना धनुर्वात झाला. जबडे मिटले, अंगे ताणली गेली, एकोणीसच्या एकोणीस माणसे मृत्यू पावली. ही सारी माणसे एकाच बाटलीतून, ५३-एन या क्रमांकाच्या बाटलीतून टोचलेली होती. दुसऱ्या बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही. त्या एकोणीस जणांची नावे आम्हास कोठे वाचावयास मिळाली नाहीत. हाफकिन यांच्यावरील अन्यायाची कथा पुष्कळांनी सांगितली आहे, परंतु त्या घरांचे काय झाले ते कोणी सांगत नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती त्याचे अध्यक्ष होते. हाफकिन यांनी लस अधिक वेगाने तयार व्हावी म्हणून पद्धतीत बदल केला होता आणि त्यात कार्बोलिक आम्ल घालणे बंद केले होते. आयोगाने तेवढ्यावर बोट ठेवले आणि बाटली परळलाच दूषित झाली असावी असा निष्कर्ष काढला. हाफकिन यांना १९०३ मध्ये कामावरून दूर करण्यात आले. पगारही थांबला. ते लंडनला गेले आणि कागदपत्रे गोळा करीत बसले.

कागदपत्रांत काय होते? ज्या दिवशी बाटली उघडली त्या दिवशी साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो आगीत किंवा उकळत्या पाण्यात न घालता नुसता जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवून काढला आणि त्याच चिमट्याने बाटलीचे बूच ओढले. धनुर्वाताचा जंतू मातीत असतो, त्याची बीजे नुसत्या बुडवण्याने मरत नाहीत. शिवाय बाटली उघडली त्या वेळी तिला वास येत नव्हता, हेही नोंदलेले होते. धनुर्वाताचे जंतू त्या बाटलीत मुंबईहून निघाल्यापासून वाढत असते तर दुर्गंधी सुटल्यावाचून राहिली नसती. आणि रोग दिसण्यास आठवडा लागला, म्हणजे टोचतेवेळी बाटलीत विष साचलेले नव्हते. लंडनच्या लिस्टर संस्थेचा अहवालही हाफकिन यांच्या बाजूचा होता. तरीही सरकारला चूक मान्य करावयास कित्येक वर्षे लागली. फ्रान्समध्ये याच सुमारास कॅप्टन ड्रायफस या यहुदी अधिकाऱ्याचे प्रकरण गाजत होते. हाफकिन यांच्या वाट्याला आलेल्या गोष्टीची त्याच्याशी तुलना अनेकांनी केली आहे. यहुदी असणे, रशियन असणे आणि वैद्य नसणे यांपैकी कोणती गोष्ट त्यांना अधिक भोवली ते सांगणे कठीण. आमच्या मते तिन्ही.

अखेरीस हिवतापाचे कोडे सोडविणारे रोनल्ड रॉस त्यांच्या पाठीशी उभे राहिले. रॉस यांनी प्रकरण वर्तमानपत्रात नेले आणि २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्स या पत्रात दहा नामांकित शास्त्रज्ञांच्या सह्यांचे निवेदन छापून आले. त्या वर्षाच्या शेवटी शेवटी हाफकिन निर्दोष ठरले आणि पुन्हा हिंदुस्थानात आले. पण मुंबईची जागा दुसऱ्याकडे गेली होती. त्यांना कलकत्त्याच्या लहानशा प्रयोगशाळेत बसविण्यात आले. तेथे त्यांनी पुन्हा पटकीचाच विषय हाती घेतला, या वेळी मारलेल्या जंतूची लस. तिचा मोठ्या प्रमाणावर प्रयोग करण्यास त्यांना वाव मिळाला नाही. पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपास परतले. पन्नाशी ओलांडलेल्या आमच्यासारख्याला हा भाग वाचताना थांबावेसे वाटते. निर्दोष ठरणे आणि काम परत मिळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

निवृत्तीनंतरचे हाफकिन काहीसे अनपेक्षित आहेत. तरुणपणी क्रांतिकारकांत वावरलेला हा शास्त्रज्ञ उतारवयात आपल्या धर्माचे नियम काटेकोरपणे पाळू लागला. १९१६ मध्ये त्यांनी यहुदी परंपरेच्या समर्थनार्थ एक निबंध लिहिला. लग्न त्यांनी केले नव्हते. १९२९ मध्ये आपली सारी शिल्लक एका निधीत घालून ती पूर्व युरोपातील यहुदी धर्मशाळांच्या साहाय्यासाठी ठेवली, मात्र त्या शाळांत धर्माबरोबर विज्ञान व उद्योगही शिकवावेत ही त्यांची इच्छा होती. धर्म आणि विज्ञान यांत वैर असलेच पाहिजे असे समजणाऱ्यांनी, मग ते चर्चमधले असोत वा बाहेरचे, या गोष्टीचा विचार करावा. आपल्या चर्चने यहुदी लोकांविषयी बंधुभावाची भूमिका दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, नोस्त्रा एताते या घोषणापत्रातून जाहीर केली. हाफकिन तोवर या जगात नव्हते.

पटकीवर टोचण्याची लस आज मागे पडली आहे. तिची जागा तोंडावाटे घ्यावयाच्या लसीने घेतली, आणि तशा लसी आता हैदराबादेतही बनतात. पण प्राण वाचविणारा सर्वांत साधा उपाय लसीचा नव्हे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी माजली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मीठ-पाण्याचे मिश्रण पिपांत भरून रोग्यांच्या आप्तांच्या हाती दिले आणि मृत्यूचे प्रमाण एकदम खाली आले. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण आमच्या प्रत्येक वाचकास पाठ असावे. जुलाब लागले म्हणून पाणी बंद करण्याची जी रीत अजून काही घरांत आहे तिने बालके दगावतात.

आपल्या जालना जिल्ह्याने २०१२-१३ चा दुष्काळ पाहिला आहे. टँकर येताच एकाच हौदात पन्नास बादल्या बुडतात, पाइप जमिनीवर पडतो आणि तसाच पुन्हा हौदात सुटतो. तो पाहिला की आम्हास मुलकोवालचा चिमटा आठवतो. धर्मग्रामाच्या सणाला पंगत असते, भात सकाळी शिजतो, मिस्सा लांबते, आणि उन्हात झाकून ठेवलेले पातेले दुपारी उघडते. मंडपात पिण्याच्या पाण्याचा ड्रम असतो, त्यात जो तो आपला पेला बुडवितो. लांब दांड्याचे एक ओगराळे किंवा ड्रमाला एक तोटी, एवढी सोय धर्मग्राम समितीला सहज करता येण्यासारखी आहे. ती येत्या सणाआधी व्हावी, अशी आमची विनंती आहे.

वाल्डेमार हाफकिन २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे मरण पावले. त्याआधी पाच वर्षे, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले होते. ते वृत्त कळल्यावर त्यांनी आभाराचे पत्र धाडले आणि आपल्या आयुष्याची उत्तम वर्षे त्या कामात गेली असे त्यात कळविले. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. परळच्या त्या जुन्या वास्तूत आज त्यांच्या कार्याची माहिती देणारे संग्रहालय आहे. आमच्या वाचकांपैकी कोणी मुंबईस आचार्य दोंदे मार्गाने जाणार असतील, टाटा रुग्णालयात आप्तांना घेऊन जाणारे तर पुष्कळ असतात, त्यांना ती वास्तू तेथून अगदी जवळ आहे.